ओल्या स्पावर तीन गाड्या, तीन वेगळे त्रास: सेटअपमध्ये नेमकं काय बदलायचं?

ओलीरेषा

नमस्कार मंडळी. असेटो कोर्सा कॉम्पेतित्सिओने या रेसिंग गेममध्ये, म्हणजे आपल्या एसीसीमध्ये, स्पा-फ्रँकोरशाँ ट्रॅकवर ६० मिनिटांची शर्यत आहे. हवा १४ अंश, सुरुवातीला मध्यम पाऊस आणि अर्ध्या तासानंतर उघडीप दाखवतोय. टीममध्ये तीन गाड्या आहेत: बीएमडब्ल्यू एम४ जीटी३, फेरारी २९६ जीटी३ आणि पोर्शे ९११ जीटी३ आर (९९२). तिन्हींच्या कोरड्या सेटअपवर सारखेच बदल केलेत: मागची विंग ४ क्लिक वर, दोन्ही अँटी-रोल बार (वळणात गाडीचं झुकणं रोखणारे दांडे) २ क्लिक मऊ, टीसी (ट्रॅक्शन कंट्रोल, चाक घसरून फिरणं रोखणारा) २ ने वाढवला, ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकची वाटणी) अर्धा टक्का मागे, वेट टायर थंड असताना २९.५ पीएसआय. ब्रेक डक्ट (ब्रेक गार करणाऱ्या हवेच्या वाटा) कोरड्यात होते तसेच ३ वर.

त्रास मात्र प्रत्येक गाडीत वेगळा आहे. एम४ पूहाँ वळणाला नाक आत घेतच नाही, बाहेर बाहेर जाते. २९६ ‘ला सूर्स’ वळणावरून बाहेर पडताना मागून झटका देऊन फिरते. पोर्शे ‘बस स्टॉप’ वळणाला ब्रेक मारला की एबीएस (ब्रेकखाली चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) थरथरत राहतं आणि गाडी सरळ पुढे निघून जाते. लॅप टाइम कोरड्यापेक्षा १८ ते २० सेकंदांनी मागे आहेत. बदल चुकीचे आहेत की अपुरे?

चौथागिअर

बदल वाईट नाहीत, पण तिन्ही गाड्यांना एकच औषध दिलंय आणि आजार वेगळे आहेत. आधी क्रम बघू, कारण तो चुकला की पुढचं सगळं मोजमाप खोटं ठरतं.

पहिल्यांदा ब्रेक डक्ट, मग टायरचा दाब, मग इलेक्ट्रॉनिक्स, मग बार आणि डिफ (डिफरन्शियल, डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारा भाग), सगळ्यात शेवटी विंग. डक्ट पहिले का? डक्ट बंद केले की ब्रेकची उष्णता रिममध्ये आणि तिथून टायरमध्ये जाते, दाब वाढतो. दाब जुळवून झाल्यावर डक्ट हलवले तर जुळवलेला दाब गेला. १४ अंशांच्या पावसात ३ वर डक्ट म्हणजे ब्रेक सतत गार. तिन्ही गाड्यांत पुढे १ आणि मागे १ पासून सुरुवात करा, आणि स्क्रीनवर ब्रेकचा रंग निळा राहिला तर ० वर जा. ब्रेक पॅड ३ नंबरचे लावा. त्यांची पकड थोडी कमी आहे, पण ती कमी तापमानात आणि एकसारखी मिळते, पावसात तेच हवं.

आता दाब. वेट टायर गरम झाल्यावर ३० पीएसआयच्या आसपास हवेत, २९.५ ते ३१ या पट्ट्यात चालेल. तुम्ही थंडच २९.५ भरलेत. पाणी टायर गार ठेवतं म्हणून दाब स्लिकइतका (कोरड्यातल्या बिनखाचांच्या टायरइतका) चढत नाही हे खरं, तरी चढतो. २८.५ ने सुरू करा, तीन लॅप शर्यतीच्या वेगाने मारा आणि पूहाँ संपल्यावर चारही चाकांचे आकडे वाचा. जितका फरक असेल तितकाच थंड दाबात वजा किंवा अधिक करा, प्रत्येक चाकाला वेगळा. स्पावर डावी-उजवीकडचे आकडे सारखे येणार नाहीत, सरासरी काढून चारही चाकांत एकच दाब भरू नका. हवेचं तापमान १ अंशाने बदललं की साधारण ०.१ पीएसआयचा फरक धरायचा. शर्यतीच्या दिवशी १४ ऐवजी १८ अंश असेल तर थंड दाब ०.४ ने कमी.

दाब कमी ठेवला की पकड वाढते हा कोरड्या रस्त्याचा समज पावसात नडतो. दाब कमी असला की ट्रेडचा मधला भाग आत दबतो, खाचा मिटतात आणि पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. विमानांच्या टायरसाठी नासाने १९६३ मध्ये मांडलेलं सूत्र आहे: टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग नॉटमध्ये = ९ गुणिले पीएसआयचं वर्गमूळ. ३० पीएसआयला हे ४९ नॉट, म्हणजे ताशी ९१ किलोमीटर येतं. हा आकडा साचलेल्या पाण्यात खाचा निकामी झालेल्या टायरचा आहे, खाचांच्या रेसिंग टायरला तो जसाच्या तसा लागू नाही, पण दाब आणि तरंगणं यांचं नातं त्यातून कळतं.

आता एकेक गाडी.

एम४: पूहाँचा दोष बहुतेक त्या ४ क्लिक विंगचा आहे. पूहाँ वेगाचं वळण आहे, तिथे हवेचा दाब बोलतो. मागची विंग एवढी वर केली आणि पुढे काहीच दिलं नाही तर सगळा तोल मागे सरकतो आणि नाक हलकं होतं. त्यात इंजिन पुढे आणि चाकांमधलं अंतर २,९१७ मिमी, म्हणजे गाडी मुळातच वळायला आळशी. विंग फक्त २ क्लिक वर ठेवा आणि मागची राइड हाइट (जमिनीपासूनची उंची) २ मिमी वाढवा, म्हणजे नाकाकडे दाब परत येईल. बार तुम्ही दोन्हीकडे सारखे मऊ केलेत. त्याने गाडी अंग टाकून चालायला लागते, पण पुढचा-मागचा तोल होता तिथेच राहतो. पुढचा बार अजून १ क्लिक मऊ करा आणि मागचा होता तिथे परत न्या.

२९६: ला सूर्सला पहिला गिअर टाकत असाल तर आधी तो सोडा. टर्बो इंजिन आहे, खालच्या आरपीएमलाच टॉर्क येतो. दुसऱ्या गिअरमध्ये वळण घ्या, स्टिअरिंग सरळ होत आल्यावरच अर्ध्यापुढे थ्रॉटल. सेटअपमध्ये बघायचा तो डिफचा प्रीलोड. प्रीलोड जास्त असला की मागची दोन्ही चाकं एकमेकांना बांधलेली राहतात, त्यामुळे सुटताना दोन्ही एकदम सुटतात. झटका तिथूनच येतो. ३० एनएम कमी केलात की आधी आतलं चाक एकटं फिरेल, टीसी ते पकडेल आणि बाहेरचं चाक गाडी धरून ठेवेल. मागचा बार अजून १ क्लिक मऊ, मागचा टो-इन (चाकांचा पुढून आतला कल) किंचित वाढवा. ईसीयू मॅप (इंजिनाच्या प्रतिसादाची सेटिंग) तपासा. बऱ्याच गाड्यांत पावसासाठी सौम्य थ्रॉटलचे मॅप असतात, पण त्यांचे क्रमांक गाडीगणिक वेगळे आहेत.

पोर्शे: ओल्यात ब्रेकचा जोर कमी लागतो, म्हणून वजन पुढे कमी सरकतं, म्हणून कोरड्यातला बायस पुढच्या चाकांना जास्त पडतो. हे सगळ्याच गाड्यांना लागू आहे. पण ९९२ मध्ये इंजिन मागच्या आसाच्याही मागे, पुढची चाकं आधीच हलकी. अर्ध्या टक्क्याने भागणार नाही. १.५ टक्के मागे न्या आणि बस स्टॉपला सरळ रेषेत ब्रेक मारून बघा. एबीएस अजूनही पहिल्याच क्षणी थरथरलं तर २ पर्यंत जा. ब्रेक सोडत वळताना मागचं अंग सरकायला लागलं की ०.४ परत पुढे. एबीएस वाढवल्याने गाडी लवकर थांबत नाही, चाक लॉक होण्यापासून वाचतं इतकंच. त्यामुळे आधी बायस, मग एबीएस.

आडवाआर्मको

चौथागिअर यांचं बहुतेक पटलं, पण प्रीलोड कमी करण्याबद्दल एक सावधगिरी. ३० एनएम कमी केल्यावर २९६ थ्रॉटलवर शांत होईल, पण थ्रॉटल सोडताना आणि ब्रेकच्या शेवटी अधिक सैल होईल, कारण मागच्या चाकांना बांधणारं तेवढंच कमी झालं. ‘ले कोंब’ वळणाला ब्रेक सोडत आत वळताना हे जाणवेल, तिथे पावसात गाडी सहज फिरते. म्हणून १० एनएमच्या टप्प्याने उतरा आणि प्रत्येक टप्प्यावर दोन ठिकाणं तपासा: ला सूर्सचा बाहेर पडतानाचा भाग आणि ले कोंबचा आत शिरतानाचा. एक सुधारलं आणि दुसरं बिघडलं की तिथे थांबा, उरलेलं काम मागच्या बारकडून करून घ्या.

हे डोळ्यांनी ठरवू नका. सेटअपच्या इलेक्ट्रॉनिक्स पानावर टेलिमेट्री लॅप्सचा आकडा असतो, तो वाढवला की गेम मोटेकच्या (टेलिमेट्री वाचायच्या सॉफ्टवेअरच्या) फाइली साठवतो. त्यात थ्रॉटल, स्टिअरिंगचा कोन आणि मागच्या चाकांचा वेग एकाखाली एक लावा. दोन्ही मागची चाकं एकाच क्षणी उसळताना दिसली तर प्रीलोड जास्त आहे. फक्त आतलं उसळलं तर डिफ ठीक आहे, थ्रॉटल लवकर देताय.

पावसाळीलॅप

सेटअपवर एवढं बोलणं झालं, पण १८ ते २० सेकंदांतला मोठा वाटा चालवण्यात आहे. मध्यम पावसात स्पावर १२ ते १५ सेकंदांचा फरक मला वाजवी वाटतो. त्यापुढचे सेकंद कुठे जातात ते सांगतो.

ब्रेक. केमेल या लांब सरळीच्या शेवटी ४० ते ५० मीटर आधी ब्रेक, पण सुरुवातीचा दाब कोरड्याच्या ७० टक्क्यांच्या आसपास. ओल्यात पहिला जोरदार लाथेसारखा ब्रेक फुकट जातो, कारण वजन पुढे यायच्या आतच चाक पकड सोडतं. आधी पेडल हलकं दाबा, नाक बसलं की वाढवा. मग वळणाच्या टोकापर्यंत थोडा ब्रेक ओढत न्या. पोर्शेमध्ये हे सर्वांत गरजेचं, कारण ब्रेक पूर्ण सोडला की पुढची चाकं हलकी होतात आणि गाडी ऐकत नाही. आणि त्याच पोर्शेत वळणाच्या मधे थ्रॉटल एकदम सोडू नका, मागचं वजन लंबकासारखं बाहेर जातं. थोडा थ्रॉटल कायम धरून ठेवा, १० ते १५ टक्के.

गिअर. एम४ आणि २९६ दोन्ही टर्बो आहेत, त्यांना ब्रुसेल आणि स्टाव्हलो वळणांमध्ये कोरड्यापेक्षा एक गिअर वरचा टाका आणि लाल दिव्यांची वाट न बघता वर न्या. पोर्शेचं इंजिन टर्बोविना आहे, टॉर्क हळूहळू वाढतो, मागच्या चाकांवर वजनही भरपूर. ती एकटी गाडी कोरड्यातलेच गिअर बऱ्याच ठिकाणी सहन करते. बाहेर पडताना तिचा टीसी फार वाढवलात तर उलट तिची जमेची बाजूच मारून टाकाल. कोरड्यापेक्षा १ ने जास्त पुरेसा.

स्टिअरिंग. पूहाँला एम४ वळत नाही म्हणून तुम्ही जास्त वळवत असणार. टायरचा कोन एका मर्यादेपलीकडे गेला की अधिक वळवून पकड अजून घटते. चाक थोडं सरळ करा, क्षणभर थांबा, नाक स्वतः आत येतं. फोर्स फीडबॅक (स्टिअरिंगमधून हाताला जाणवणारा जोर) हलका झाला की समजायचं पुढचं टायर मर्यादेपलीकडे आहे. ओल्यात हा फरक फार बारीक असतो, म्हणून गेन जरा वाढवून बघा.

कर्ब. रंगवलेला प्रत्येक कर्ब (वळणाच्या कडेची पट्टी) ओला असताना बंद समजा. राइडियों चढाच्या माथ्यावरचा डावा कर्ब तर खासच, कारण तिथे गाडी नेमकी हलकी झालेली असते आणि मागचं चाक रंगावर पडतं. त्याआधीच्या ओ रूज वळणाला थ्रॉटल सोडायचा तर तळाशी पोचण्याआधी सोडा. तळात गाडी दाबली जात असते, तिथे सोडला की तोल जातो.

डक्टबंद

छोटी भर: पावसाचे दिवे आणि वायपर यांना बटणं नेमून ठेवा. मागच्याला तुम्ही दिसणं ही तुमचीच गरज आहे. आणि शर्यतीआधी पिट स्ट्रॅटेजीत वेट आणि स्लिक दोन्हींचे दाब भरून सेटअप साठवा. एमएफडीवर (गाडी चालवताना दिसणाऱ्या माहितीच्या पडद्यावर) टायरचा प्रकार बदलला की दाबही बघायचा, नाहीतर पिटमधून भलत्याच आकड्यावर बाहेर पडाल.

कोपराकापू

विषयाला धरूनच विचारतो. ग्रान तुरिस्मो ७ (जीटी७) या गेममध्ये हे कितपत लागू पडतं? माझ्याकडे सिविक टाइप आर आणि निसान जीटी-आर आहेत, दोन्ही रस्त्यावरच्या. व्हील नाही, कंट्रोलर आहे.

चौथागिअर

तत्त्व तेच, हत्यारं वेगळी. जीटी७ मध्ये टायरचा दाब बदलताच येत नाही, त्यामुळे निम्मी चर्चा आपोआप गळते. तिथे टायरची निवडच सर्वस्व आहे. ओल्या ट्रॅकवर स्पोर्ट टायर म्हणजे शेवाळलेल्या फरशीवर रबरी चप्पल. ट्यूनिंगच्या दुकानातून इंटरमीडिएट आणि हेवी वेट दोन्ही आधीच घेऊन ठेवा. शर्यतीत टायरच्या निर्देशकाशेजारची पाण्याची पट्टी बघत राहा. ती मधल्या खुणेवर चढू लागली की स्लिकचे दिवस संपले. रडार लांबवर काढून ठेवलात तर पुढच्या लॅपमध्ये ढग ट्रॅकवर येणार का तेही दिसतं.

दोन्ही गाड्यांना फुली कस्टमायझेबल सस्पेन्शन आणि डिफरन्शियल लावा, त्याशिवाय बदलायला काही उरत नाही. नॅचरल फ्रिक्वेन्सी (स्प्रिंगचा कडकपणा) दोन्हीकडे ०.२ हर्ट्झ कमी, राइड हाइट ५ ते १० मिमी वर, निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरून आतला कल) १ ते १.५ अंशावर आणा. ओल्यात गाडी कमी झुकते, मग मोठा कॅम्बर ठेवला तर टायर आतल्या कडेवरच चालतं.

सिविक पुढच्या चाकांवर चालते, म्हणजे वळायचं आणि ओढायचं काम त्याच दोन टायरांवर. डिफची अ‍ॅक्सिलरेशन सेन्सिटिव्हिटी फार वाढवली तर दोन्ही चाकं एकदम फिरतात आणि गाडी सरळ जाते. फार कमी केली तर आतलं चाक जागच्या जागी फिरत राहतं. २० ते २५ मध्ये ठेवा, इनिशियल टॉर्क ५ ते १०. मागचा अँटी-रोल बार पुढच्यापेक्षा १ ने कडक. २ ने केलात तर थ्रॉटल सोडताच मागचं अंग फिरेल. ब्रेक बॅलन्स मागे, अधिक १ किंवा अधिक २.

जीटी-आर चारही चाकांवर चालते, पावसात तिच्यासारखी सोपी गाडी नाही. टॉर्क व्हेक्टरिंग सेंटर डिफरन्शियल लावून वाटप ४० पुढे, ६० मागे करा. ५०-५० ला नाक बाहेर जातं. ३०-७० ला छान वळते, पण कंट्रोलरवर थ्रॉटल बारीक देता येत नसेल तर मागून सुटते. एक मात्र लक्षात ठेवा: जीटी-आर निस्मो जीटी३ ही रेसगाडी फक्त मागच्या चाकांवर चालते. रस्त्यावरच्या जीटी-आरचा पावसातला भरवसा तिच्यात शोधू नका. लॅम्बोर्गिनी हुराकान जीटी३ चंही तेच.

कंट्रोलरसाठी टीसी २ किंवा ३. आणि फ्युएल मॅप लीनकडे न्या, ४ किंवा ५. इंजिनचा जोर कमी होतो, वळणातून बाहेर पडताना ट्रिगरची चूक कमी महागात पडते आणि पेट्रोल वाचतं ते वेगळं. लांब सरळ आली की परत १.

ओलीरेषा

खूप आभार. डक्ट १ वर आणि थंड दाब २८.४ केल्यावर तिन्ही गाड्यांत गरम दाब २९.८ ते ३०.३ मध्ये येतोय. एम४ ला मागची राइड हाइट लागू पडली, विंग उतरवल्यावर पूहाँ जमतंय. पोर्शे १.६ टक्के मागे सरकवून आता व्यवस्थित थांबते. २९६ ला आडवाआर्मको म्हणतात तसं २० एनएमवर थांबलो, ३० ला ले कोंबमध्ये सैल होत होती.

आता शेवटचं: अर्ध्या तासाने पाऊस थांबल्यावर स्लिकवर कधी यायचं?

आडवाआर्मको

एमएफडीवर ट्रॅकची स्थिती बघा. फ्लडेड (पाणी साचलेला), वेट (ओला), डॅम्प (ओलसर), ग्रीसी (निसरडा) असा क्रम उतरत जातो. वेटवरून डॅम्पकडे जाताना स्लिकचा विचारही नको. डॅम्प सुरू झाल्यावर गाड्या जिथून जातात ती रेषा आधी सुकते आणि तिथे वेट टायर तापायला लागतात. खूण अशी: दाब ३१ च्या वर चढतो, टायरचा रंग नारिंगीकडे जातो, गाडी मऊ मऊ लागते. तेव्हा केमेलवर आणि ब्लाँशिमाँकडे जाताना मुद्दाम रेषेच्या बाहेर, ओल्या बाजूने चालवा. टायर गार होतं, दोन-तीन लॅप जास्त मिळतात. ब्रेकला मात्र परत सुक्या रेषेवर या.

सक्तीचा पिट स्टॉप असेल तर तो डॅम्पच्या शेवटापर्यंत राखून ठेवा, टायरबदल त्यातच उरकतो. नसेल तर साधा भागाकार: पिटमध्ये जाणारे एकूण सेकंद भागिले स्लिकवर दर लॅपला वाचणारे सेकंद. समजा पिटलेन धरून ६० सेकंद जातात आणि लॅपला ८ वाचतात, तर निदान ८ लॅप उरलेल्या हव्यात. त्यापेक्षा कमी असतील तर वेट टायर जपत शेवट गाठा.

दहा मिनिटांचा अंदाज कोरडा दाखवत असेल तरच आत या. आणि स्लिकचा थंड दाब १४ अंशांच्या हिशेबाने भरा. २४ अंशांच्या सरावातला आकडा असेल तर त्यात साधारण १ पीएसआय मिळवा, कारण ओलसर गार ट्रॅकवर तो आपोआप २६ ते २७ पर्यंत चढणार नाही.

पावसाळीलॅप

स्लिकवरची पहिली लॅप तिन्ही गाड्यांत वेगळी जाते, तेवढं ड्रायव्हरांना सांगून ठेवा. पोर्शेची मागची चाकं आधी गरम होतात आणि पुढची गारच राहतात, म्हणून ला सूर्स आणि ले कोंबला लवकर ब्रेक. २९६ आणि एम४ मध्ये धोका मागच्या टायरना. टीसी पावसातल्या आकड्यावरच ठेवून बाहेर पडा, पहिली लॅप पूर्ण झाली की एकेक क्लिक खाली आणा. ब्रेक बायसही त्याच लॅपनंतर पुढे न्यायचा, नाहीतर कोरड्या रेषेवर जोरात ब्रेक मारताच मागची चाकं आधी पकड सोडतील. पोर्शेला पूर्ण १.६ टक्के परत लागतील. डक्ट मात्र पिट स्टॉपमध्ये उघडता येत नाहीत, १ वरच राहणार. उरलेला वेळ फार असेल तर सुरुवातच पुढे २ ने करा आणि त्या डक्टवर वेटचा दाब पुन्हा जुळवून घ्या.